रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या पेट्या

पेटीचं झाकण उघडलं की आधी वास येतो. जुन्या मखमलीचा, अक्रोडाच्या लाकडाचा आणि या दोन्हींच्या तळाशी दडून बसलेला बंदुकीच्या तेलाचा, किंचित तुरट, किंचित गोड वास. मग दिसते ती गडद हिरव्या मखमलीतली तळहाताएवढी खाच. इथे आखूड नळी टेकत असे, इथे सहा गोळ्यांचं गरगरीत चक्र, इथे मूठ. शेजारी गोळ्यांचा कप्पा, तेलाच्या इवल्याशा कुपीचा कप्पा. सगळा थाट जसाच्या तसा मांडलेला आहे. फक्त ज्याच्यासाठी तो मांडला, ते रिव्हॉल्व्हर मात्र नाही!

हसू नका. मी एकोणिसाव्या शतकातल्या खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरांचा संग्राहक आहे आणि माझ्याकडे एकही रिव्हॉल्व्हर नाही. मी राहतो सिंगापुरात, आंग मो किओच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. इथे शस्त्राच्या बाबतीत कायदा असा की तो शब्द उच्चारतानाही माणूस आपोआप आवाज खाली करतो. म्हणून मी पेट्या जमवल्या. बारा पेट्या, बारा पोकळ्या. माझी बायको मीनल इथल्याच नोव्हेना भागात दातांची डॉक्टर आहे. पाहुण्यांना ती सांगते, ‘‘लोकांचे नवरे वस्तू जमवतात, आमचे हे वस्तूंची गैरहजेरी जमवतात.’’ पाहुणे सहानुभूतीने तिच्याकडे बघतात आणि मी अभिमानाने पुढची पेटी उघडतो.

पण खरं सांगा, काय विलक्षण शतक असेल ते! सभ्य गृहस्थ नाटकाला निघताना एका खिशात घड्याळ ठेवी, दुसऱ्यात तपकिरीची डबी आणि तिसऱ्यात हे सहा तोंडांचं चिमुकलं भय. त्याची मूठ हस्तिदंती, नळीवर वेलबुट्टी आणि चापही असा लाजरा की दुमडून पोटाशी घ्यावा, खिशाच्या अस्तराला अडकू नये. आपल्या भीतीला इतके देखणे कपडे कुणी कधी शिवले असतील? रात्री निजायला तिला मखमलीचा बिछानासुद्धा घातला! आणि आता ती भीती उठून गेली आहे. पहाटे लवकर उठून गावाला गेलेल्या माणसाची उशीवर खोलगट खूण राहावी, तशी ही खाच तेवढी मागे उरली आहे. उशीवरची ती खूण पाहून तुम्हाला माणूस अधिक जवळचा वाटला नाही का कधी? मला वाटतो. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

या बारांतली पहिली पेटी बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराची. एकतीस वर्षांपूर्वी मी जहाजावर ज्युनियर इंजिनियर होतो. नखांत ग्रीस, खिशात पहिला पगार आणि डोक्यात साऱ्या जगाचा राजा असल्याची खात्री. तिथल्या जुन्या बाजारात पन्नाशीतल्या एका मिशाळ विक्रेत्याच्या टेबलावर ही पेटी उघडी होती आणि आत ते होतं. मी ते हातात घेतलं. इतकं थंड, इतकं नेमकं! चापाचं टोक जरासं डावीकडे वाकलं होतं, आणि त्या एका वैगुण्यावर मी भाळलो. पण कॅप्टन ते जहाजावर आणू देणं शक्य नव्हतं. तेव्हा मी काय केलं असेल? फक्त पेटी विकत घेतली! विक्रेता पोट धरून हसला. मग त्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक करडा, लाल काठाचा लोकरी मोजा काढला आणि ते उघडं पडलेलं रिव्हॉल्व्हर त्यात घातलं. मी छाती फुगवून म्हणालो, ‘‘हे कुणाला विकू नका. मी परत येणार आहे.’’ तोही तितक्याच गंभीरपणे म्हणाला, ‘‘नाही विकणार.’’

मी गेलो नाही. जहाजं बदलली, लग्न झालं, सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी लागली. गोष्ट मात्र मी सांगत राहिलो. दर गणपतीला, दर वाढदिवसाला, मोजा थोडा थोडा लांब करत. माझ्या गोष्टीत तो विक्रेता एक गमतीदार पात्र होऊन बसला होता. तो कुठेतरी खरोखर जिवंत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

यंदा मी हौशी लोकांच्या एका संकेतस्थळावर त्या पेटीचं छायाचित्र टाकलं. आठवड्याने यान नावाच्या गृहस्थाचं पत्र आलं. ‘‘माझे वडील अँटवर्पला जुन्या वस्तू विकत. त्यांच्या कपाटात मोज्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर आहे, फोटो सोबत जोडला आहे. चांगली गिऱ्हाइकं आली, तरी त्यांनी ते विकलं नाही. म्हणतात, एक भारतीय मुलगा परत येणार आहे, त्याला शब्द दिलाय. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तुमची पेटी ओळखीची वाटली. ती याच रिव्हॉल्व्हरची का? तो मुलगा तुम्हाला माहीत आहे का?’’

आता माझा पराक्रम ऐका. मी उत्तर लिहिलं, ‘‘अशा पेट्या त्या काळी शेकडो होत्या. ही निराळी असावी.’’

का लिहिलं असं? पेटी मागतील, या भीतीने. आणि त्याहून अधिक, एकतीस वर्षं आपला शब्द कुणीतरी आपल्यापेक्षा जास्त जपला, हे कळल्यावर माणसाला जी लाज वाटते, तिच्यामुळे.

रविवारी पोह्यांच्या बशा समोर घेऊन मी ही हकीकत सगळ्या हावभावांसह घरात सादर केली. नेहमीच्या जागी हशा आला नाही. ऋचा, माझी कॉलेजात जाणारी मुलगी, चमचा खाली ठेवून अस्सल सिंगापुरी हेल काढत म्हणाली, ‘‘बाबा, दॅट्स चीटिंग, लाह.’’

‘‘पण निराळी असूही शकते की! मोजे काय, सगळ्याच बेल्जियनांकडे असतात.’’

‘‘मग माप घेऊ,’’ मीनल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून दातांचं माप घ्यायची जांभळी पुट्टी घेऊन आली. मखमलीवर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा पडदा अंथरला, पुट्टीचे दोन गोळे एकत्र मळले आणि खाचेत दाबून भरले. चार मिनिटं आम्ही तिघं टेबलाभोवती श्वास रोखून उभे होतो, जणू आत कुणी झोपलंय. मग तिने ते अलगद उचललं. जांभळं, रबरी, अर्धं रिव्हॉल्व्हर! यानने पाठवलेला फोटो शेजारी ठेवून मीनलने चष्मा सरसावला आणि पेशंटला सांगावं तशा शांत आवाजात सांगितलं, ‘‘हा बघ. सुळा डावीकडे वाकलाय.’’

चापाचं टोक. मखमलीने एकतीस वर्षं ते लक्षात ठेवलं होतं.

‘‘आता बोल,’’ ती म्हणाली. मग तिने पाव कापायची सुरी घेतली आणि त्या जांभळ्या रिव्हॉल्व्हरचे कोथिंबीरवडीसारखे काप पाडले. ‘‘असल्या आकाराचं काही घरात नको. पुट्टीचंसुद्धा नको.’’

त्याच संध्याकाळी मी यानला लिहिलं. तो मुलगा मी आहे, मी खोटं बोललो, आणि मी ते रिव्हॉल्व्हर कधीच नेऊ शकणार नाही, कारण मी राहतो तिथे ते येऊ शकत नाही. जन्मभर यंत्रांशी झटलेल्या माणसाला दोन भाग सुटे पडलेले बघवत नाहीत. एक भाग हलू शकत नसेल तर दुसरा हलवायचा, हे मी शेकडो वेळा केलेलं काम. मग इथेच हात का आखडावा? खाली एक ओळ जोडली, ‘‘म्हणून पेटी पाठवतो आहे. मोल नको.’’

‘‘नक्की?’’ मीनलने विचारलं. ‘‘पहिली आहे तुझी.’’

‘‘नक्की. आणि आता मला पुन्हा विचारू नकोस, नाहीतर मी चांगला माणूस राहणार नाही.’’

पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीने फॉर्म पुढे केला. आत काय आहे? मी म्हणालो, काही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे, आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, ‘‘नथिंग ऑल्सो मस्ट राइट, अंकल.’’ मी ठळक अक्षरांत लिहिलं: रिकामी पेटी. माझ्या संग्रहाचं इतकं अचूक वर्णन त्याआधी कुणी केलं नव्हतं.

महिन्याभराने यानचा फोटो आला. म्हाताऱ्याच्या मांडीवर उघडी पेटी, पेटीत ते, आणि पांढऱ्या झालेल्या मिशांखाली तेच पोट धरून हसणं. खाली निरोप होता: ‘‘वडील म्हणतात, मुलाला उशीर झाला, पण आला.’’

पाठोपाठ एक मऊ पाकीटही आलं. ऋचाने ते उघडलं, दोन बोटांत धरून वर केलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, वन सॉक ओन्ली!’’

करडा, लाल काठाचा. मी सांगत आलो त्याच्या निम्म्यानेही लांब नाही. पहिल्या पेटीच्या जागी मी आता तो ठेवला आहे. अकरा पेट्या पुसून झाल्या की त्यात हात घालतो. टाचेपाशी मूठ टेकून टेकून लोकर सैल झाली आहे, बोटांकडे नळीने एक लांबट फुगवटा पाडला आहे. नाकाशी धरला की आधी लोकरीचा वास येतो आणि मग, तळाशी दडून बसलेला, तेलाचा तो तुरट-गोड वास.