लांबट लाडू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर डिंकाचे लाडू वळले. पुणतांब्याला नात बाळंत झाली होती. हिचे लाडू गोल, माझे लांबट. हिनं माझा एक लाडू ताटात भिंगरीसारखा फिरवला. म्हणाली, "ह्यो बगा, तुमच्या सरांचा." दोघंही हसलो. संध्याकाळी पाठ दुखतीय म्हणून पडली, ती उठलीच नाही.

म्हणून सरांचं लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका होतील, होऊ द्या.

बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीची गोष्ट. मी नगरच्या एका कॉलेजात शिपाई, राहायला केडगावात. आमचे सर अणूचं केंद्रक गोल आहे का लांबट, ते शोधायचे. केंद्रक म्हणजे आंब्यात कोय असते तसं. दिसत काहीच नाही. त्यातून किरण निघतात, ते यंत्र मोजतं आणि कागदावर डोंगर उमटतात. डोंगर पायरीपायरीनं आले की केंद्रक लांबट, आणि गरागरा फिरतंय.

सर एकदा घरी चहाला आले. हिनं विचारलंच, "न बगता कसं वो कळतं?"

सरांनी हिचा गोल लाडू बशीत फिरवला. "वहिनी, हा फिरतोय का थांबलाय, कळतं?" मग माझा फिरवला. "हा बघा, लपत नाही."

"एवड्यासाठी पगार देत्यात?"

"देतात. वेळेवर देत नाहीत."

त्या यंत्राचा जीव थंडीत. आतला स्फटिक कायम पातळ नायट्रोजननं गार ठेवायचा. एकदा तापला की मेला, आणि त्याबरोबर सरांचं दोन वर्षांचं काम. नायट्रोजन पुण्याहून टेम्पोनं यायचा. एक दिवस टेम्पो शिरूरला बंद पडला. यंत्रात दुपारपुरतंच उरलेलं. सर डोक्याला हात लावून बसले. मी घरी येऊन हिला सांगितलं.

ही म्हणाली, "गाई भरवायला वळूचं बी लागतं, ते गाईचा डाक्टर धूर सोडणाऱ्या टाकीत ठेवतो. त्यात काय असतं?"

तेच असतं!

दोघंही गेलो. डॉक्टर घाईत होता. "दोन टाक्या आहेत, डावीकडची न्या," म्हणाला. तो माझ्या समोर उभा होता. डावी त्याची का माझी, हे विचारायचं राहिलं.

मी सायकल काढली. टाकीचं बूच दाबायला लागलो तर ही ओरडली, "कोंडू नका, फुटंल!" लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा फडक्याचा दादरा सैल बांधला आणि टाकी मांडीवर घेऊन कॅरियरवर बसली. फडक्यातून धूर चाललेला. रस्त्यात एका म्हातारीनं हात जोडले. "कोन्च्या देवाचं गं?"

"सरका मावशी, देव तापंल."

यंत्रात ओतलं. सरांनी श्वास सोडला. तेवढ्यात डॉक्टर फटफटीवर हजर, मागे एक शेतकरी.

"माझा वळू कुठाय?"

"इथं वळू नाही," सर म्हणाले.

"तुमच्या टाकीत आहे!"

पाहिलं तर तळाशी चार बोटं नायट्रोजन, त्यात वळूच्या बियाच्या नळ्या. वाचल्या बिचाऱ्या. शेतकरी यंत्राकडं बघून सरांना म्हणाला, "तुमी बी गाई भरवता व्हय?"

"नाही हो. आम्ही आकार बघतो."

"वळूचा?"

ही तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. जन्मभर पुरलं ते तिला. भांडण झालं की मधेच म्हणायची, "वळूचा?" मग भांडायचं काय?

पुढं डोंगर पायरीपायरीनं आले. केंद्रक लांबटच निघालं. सरांनी पेढे हिच्या हातात दिले, माझ्या नाही.

हिला अग्नी दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. लेक म्हणाली, "दादा, रडा, मोकळं व्हा." येईना. कुणीतरी लाडवांची बरणी उचलून म्हणालं, सुतकातले आहेत, गाईला घाला.

"ती होती तवाचे हायेत," मी म्हणालो. "ठेव खाली."

"सुतकात बाळंतिणीकडं जातात का कुणी?"

"मी न्हाई जात. लाडू जात्यात. मी नुस्ता धरणार."

हिचं फडकं घेतलं, बरणीला दादरा बांधला, सैल. फाट्यावर गेलो आणि बरणी मांडीवर घेऊन पुणतांब्याच्या एसटीत बसलो.