पहाटे पाचचं पाणी

आमच्या युनियनच्या मागण्या मान्य झाल्या त्या दिवशी ऑफिसच्या फाटकात ढोल वाजला आणि झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला. तो माझ्याच गळ्यात पडायचा होता, कारण मागणीपत्र माझं. मी पाण्याच्या खात्यात आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा, एवढंच माझं काम. पण अक्षर बरं, आमच्याकडे कारभार सगळा हिंदीत आणि हिंदीत अर्ज लिहायचा हात बसलेला, म्हणून युनियनचं सेक्रेटरीपद माझ्याकडे चालत आलं. कानात गुलाल जाईपर्यंत नाचलो मी त्या दिवशी. आज आठवलं की स्वतःचाच कान पिरगाळावासा वाटतो.

तिसरी मागणी वॉलमनची होती. वॉलमन म्हणजे गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात उतरून लोखंडी चावीनं वॉल, म्हणजे पाइपाचा व्हॉल्व्ह, फिरवून पाणी सोडणारा माणूस. आमचे वॉलमन पहाटे चारला घर सोडायचे. त्या हिवाळ्यात एक जण अंधारात खड्ड्यात पडला, पाय मोडला, भरपाई मागितली तर साहेबांचं लेखी उत्तर आलं की ड्यूटी आठपासून असते, सदर कर्मचारी पहाटे तिथे काय करत होता याची खात्याला माहिती नाही. ज्याला वर्षानुवर्षं यांनीच चारला उठवलं त्याला हे उत्तर! माझं डोकंच फिरलं. बसल्या बैठकीला मी लिहून टाकलं, की कागदावर ड्यूटी आठला आहे ना, तर आठच्या आधी आमचा एकही माणूस वॉलला हात लावणार नाही. आठवडाभर काम बंद ठेवलं आणि साहेबांची सही घेतली.

संध्याकाळी पेढे घेऊन वहिनीकडे गेलो. भाऊ गेला तेव्हा मी नववीत होतो. माझी फी, माझे कपडे, बारावीची शिकवणी, सगळं वहिनीनं लूमच्या शेडमध्ये कांड्या भरून केलं. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं मशीन असतं, त्याच्यावर सकाळी सातपासून उभं राहायचं. मी आता बुधवारा पेठेत राहतो. वहिनी अजून त्याच जुन्या गल्लीत, यंत्रमागांच्या मोहल्ल्यात, एकटी. पोरगा सुरतेला. तिनं पेढा हातात घेतला, माझी सगळी बढाई ऐकून घेतली, आणि विचारलं, "मग भाऊजी, आमच्या गल्लीला पाणी किती वाजता येईल?"

"आठला टाकीपासून सुरू करतील. तुमच्या लाइनीला नऊ धरा."

"नवाला तर मी मशीनवर राहते."

तिनं पेढा ताटलीत परत ठेवला आणि चहा ठेवायला उठली.

खरं सांगतो, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या गल्लीत मी वाढलो, ज्या नळावर हंडा लावून पाढे म्हटले, ती गल्ली मागणी लिहिताना मला एकदाही आठवली नाही. मला फक्त तो मोडलेला पाय दिसत होता आणि साहेबांचं उत्तर दिसत होतं.

पाचचं पाणी काही आभाळातून पडलेलं नव्हतं. मी शाळेत असताना लूम कामगारांच्या युनियननं ते ओढून आणलं होतं. त्याआधी पाणी कधीही यायचं. बाई कामावर आणि नळ वाहतोय, किंवा बाई नळावर आणि तिकडे मशीन दुसरीला. शेवटी सगळा मोहल्ला रिकामे हंडे घेऊन आमच्याच ऑफिसच्या फाटकाशी जाऊन बसला. पुढे बाया, मागे बाप्ये. कुणी हटेना. मग ठरलं, की लूमच्या लाइनीला पहाटे पाच, उन्हाळा असो की थंडी. आणि एकदा ते ठरल्यावर त्या अख्ख्या भागाचं घड्याळ फिरलं. चहावाला पावणेपाचला स्टोव्ह पेटवायला लागला. पिठाची गिरणी सहाला सुरू व्हायला लागली. आमच्याकडे लग्नाची वरातसुद्धा रात्री दहाच्या आत दारात यायची, कारण पहाटे पाणी भरायचं असायचं. पुढे आलेल्या साहेबांना वाटायचं हे असंच असतं इथे. हे कुणीतरी फाटकात बसून मिळवलंय, याचा कुणाला पत्ताही नव्हता.

त्या युनियनचे सेक्रेटरी एक विणकर होते. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा. मला अर्ज लिहायला त्यांनीच शिकवलं. मागणी एका ओळीत, कारण दोन ओळींत. आणि मग म्हणायचे, "अब पेन्सिल ले. नीचे लिख, इससे किसके पेट पे लात पड़ेगी." ती ओळ लिहायची, तिच्याकडे बघत बसायचं, तिचा काही बंदोबस्त मागणीतच करायचा, आणि मगच ती रबरानं खोडायची. बिनापेन्सिलीचं पत्र चाचा वाचायचेच नाहीत. माझ्या त्या हार घालून घेणाऱ्या मागणीपत्राला पेन्सिल लागली नव्हती. बाईंनी शिकवलेलं पोरगं विसरतं तसं मी विसरलो, आणि माझं वय होतं एकावन्न.

नऊचं पाणी सुरू झालं. वहिनी पहाटे उठून मागच्या गल्लीतल्या हातपंपावर जायला लागली, पण सगळी गल्लीच तिथे. नवाला मी जाऊन भरून द्यावं तर ऑफिसात माझा हजेरीचा अंगठाही नऊलाच लागतो. संध्याकाळी सोडा म्हणावं तर तोवर टाकीत थेंब नसतो. पहिल्याच आठवड्यात वहिनी एकदा उशिरा पोचली, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा. शेडचा कायदा साधा होता. तीनदा उशीर झाला की मशीन दुसऱ्या बाईला. मागे दहा जणी उभ्याच असतात.

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी माझंच समझौतापत्र ड्रॉवरमधून काढलं. "आपका ही ड्राफ्ट है. बढ़िया लिखा है." मी म्हटलं, पहाटेची वेगळी पाळी करा, दोन माणसं जास्त द्या, खड्ड्यावर दिवा लावा. तर म्हणे पदं मंजूर नाहीत. तुमची युनियन लिहून देऊ दे की आम्ही पाचला पाणी सोडायला तयार आहोत, उद्यापासून पाच करतो. त्यांचं काय जात होतं? आमच्यात जुंपली तर त्यांना बरंच होतं. मला इतका राग आला की जावक रजिस्टरमध्ये मी एकच नंबर दोनदा टाकला.

युनियनची बैठक बोलावली. ऑफिसमागच्या आवारात, पाइपांच्या ढिगावर सगळे बसले. मी सांगितलं, असं असं झालंय, लूमच्या बायांचे हाल चाललेत, आपण पाचचं लिहून देऊ. तो पाय मोडलेला वॉलमन काठी टेकत उठला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या वहिनीच्या पाण्यासाठी दुसरा पाय देऊ का मी?"

तो खोटं बोलत नव्हता. वहिनीचंही खोटं नव्हतं. हात वर झाले ते तीन, त्यातला एक माझा. अध्यक्षांनी ठराव फेटाळला आणि चहा मागवला.

त्यानंतर दोनच दिवसांनी चाचा माझ्या खिडकीशी आले. आता थकलेत, डोळ्याला कमी दिसतं. लूमची युनियनही पहिल्यासारखी राहिलेली नाही, निम्मी पोरं बाहेरगावी गेली. त्यांनी कागद सरकवला. मी शिक्का मारता मारता वाचला. लूमच्या लाइनीला पाणी पुन्हा पाचला द्या, आणि त्यासाठी पहाटे प्रत्येक वॉलवर दोन माणसं द्या, खड्ड्याला झाकण आणि दिवा द्या, पडला-झडला तर खात्यानं जबाबदारी घ्यावी. खाली रबरानं खोडलेली एक ओळ अजून पुसट दिसत होती. मी कागद उजेडात धरला. तिथे लिहिलेलं होतं, वॉलमन.

मी मान खाली घातली. चाचांनी एवढंच विचारलं, "पेन्सिल भूल गया था क्या?" आणि पोच घेऊन निघून गेले.

कागद साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला. आज होईल, उद्या होईल. वहिनीचा तिसरा उशीर कुठल्याही सकाळी होणार होता. मी तर रात्र-रात्र घड्याळच बघायचो. शेवटी म्हटलं, गेलं खड्ड्यात सगळं. स्टोअरची किल्ली माझ्याकडेच असते. वॉलची चावी काढली, माझ्या छातीएवढी लोखंडी चावी, सायकलला बांधली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात उतरून मी स्वतः पाणी सोडलं.

नळांचा आवाज ऐकला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दारं उघडली, हंडे आले. वहिनी बाहेर आली, मला चिखलात उभा बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काहून? तुमच्या युनियनला चालेल का हे?" मी म्हटलं, "तुम्ही पाणी भरा." नऊ दिवस मी रोज गेलो. नऊ दिवस वहिनी पावणेसातला शेडच्या दारात. मला वाटलं, सुटला प्रश्न.

दहाव्या दिवशी साहेबांच्या टेबलावरून चाचांचं पत्र खाली आलं. उत्तर टाइप केलेलं होतं. तक्रारीची दिनांकवार पाहणी करण्यात आली. सदर लाइनीवर पहाटे पाच वाजता पाणी येत असल्याचे आढळले. वाहत्या नळाचे फोटो सोबत जोडले आहेत. तक्रार निराधार असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. पाहणीवाला कधी आला, कुठे उभा राहिला, मला काही कळलं नव्हतं. मी खड्ड्यात होतो ना.

धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, ते पाणी मी सोडत होतो. ते हसले. "लिखकर दीजिए. फिर चोरी से वॉल खोलने की कार्रवाई भी करनी पड़ेगी." दोन माणसं, झाकण, दिवा, सगळं त्या एका कागदात होतं. वॉलमनचा पाय आणि वहिनीचं पाणी एकाच मागणीत बसवलेला असा कागद या गावात दुसऱ्या कुणाला लिहिता आला नसता. तो मी पाडला. आधी जिंकून एकदा घात केला आणि मग मदत करून दुसऱ्यांदा. मी परत खिडकीशी आलो, उत्तरावर जावक नंबर टाकला आणि पाकीट चिकटवलं. दुसरं करणार काय, तेच माझं काम.

त्याच दिवशी आमच्या लोकांनाही कळलं. अध्यक्षांनी स्टोअरची किल्ली काढून घेतली आणि वॉलला साखळी घालून कुलूप ठोकलं. पाय मोडलेला वॉलमन समोरून गेला, पण माझ्याशी बोलला नाही. चारचौघांत मला युनियन फोडणारा म्हणाले. सेक्रेटरीपद मी त्याच संध्याकाळी सोडलं, राजीनामा झकास अक्षरात लिहिला.

दुसऱ्या दिवसापासून पाणी पुन्हा नवाला. मी पंधरवडाभर गल्लीत पाय ठेवला नाही, धीरच होईना. मग एका मंगळवारी अर्धी रजा टाकली आणि सकाळी साडेनवाला गेलो. नळ वाहत होता. वहिनी ओट्यावर बसून हंडा घासत होती. या वेळेला तिला घरी बघायची मला सवयच नव्हती. तिचा डबा भिंतीच्या खिळ्याला टांगलेला होता, धुऊन, उलटा. तिनं हंडा नळाखाली सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आता नवाला सोडा की बाराला सोडा, भाऊजी. मी घरीच आहे."