कंसातली वस्ती

"सुजाता, बिल्ड अजून लालच?"

सतीश सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून तिसऱ्यांदा विचारत होते. स्क्रीनवर तीच ती लाल ओळ होती आणि तिच्याखाली एका गावाचं नाव. मी एक गाव दुरुस्त केलं की पुढच्या गावावर गाडी अडायची. दुपारी दोनपासून हेच चाललं होतं. संध्याकाळी सहाला अ‍ॅप क्लायंटला द्यायचं होतं.

आधी हे बिल्ड प्रकरण सांगते. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तो पन्नास फायलींमध्ये विखुरलेला असतो. ते सगळं जुळवून फोनवर चालेल असं एक अ‍ॅप करायचं, म्हणजे बिल्ड करायचं. हे रोज हाताने कोण करत बसणार? म्हणून त्या कामाच्या सूचना एका फाइलमध्ये लिहून ठेवतात, तिला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. तिची स्वतःची छोटीशी भाषा असते. या भाषेला मजकूर सोडून दुसरं काही कळत नाही. आकडा हा मजकूर, गावाचं नाव हा मजकूर आणि गावांची यादी म्हणजेसुद्धा मध्येमध्ये अर्धविराम घातलेला एकच लांबलचक मजकूर. अशा मजकुराच्या तुकड्याला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. स्ट्रिंग कापायची, जोडायची, तिच्यातलं काहीतरी शोधून बदलायचं, एवढंच तिथलं काम. काम सोपं आहे, म्हणूनच त्यात माणूस बेफिकीर होतो.

लातूरला आमची आठ माणसांची कंपनी होती, दोन खोल्यांची. लातूर रेल्वेने आलेलं पाणी पीत होतं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. ऑफिसात प्रत्येकाने पाण्याची बाटली घरून आणायची, असा नियम झाला होता. आमचे क्लायंट बालाजीराव. त्यांचे टँकर दोन-तीन तालुक्यांत पाणी टाकत होते. आज कुठे किती खेपा टाकायच्या, हे ड्रायव्हरला आमच्या अ‍ॅपवर दिसायचं. पाणी टाकलं की त्याने खूण करायची. खेड्यात रेंजचा भरवसा नाही, म्हणून पाणी टाकायच्या सगळ्या ठिकाणांची यादी बिल्ड करतानाच अ‍ॅपच्या पोटात घालून द्यावी लागे. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं होतं.

मग नव्या जिल्ह्याची हवा सुटली. तशी ती आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी सुटतेच. पण या वेळी बालाजीरावांना कुणीतरी खात्रीने सांगितलं होतं. कोणते तालुके इकडे राहणार, कोणते तिकडे जाणार, याची एक यादीही त्यांनी कुठून तरी पैदा केली.

"जिल्हा झाला की पळापळ नको," ते फोनवर म्हणाले, "दोन्ही याद्या घालून ठेवा. आपलं काम पक्कं पाहिजे."

जिल्हा काही झाला नाही. यादी मात्र माझ्या टेबलावर आली.

म्हणजे आता याद्या दोन झाल्या आणि प्रत्येक गाव दोनदा आलं. त्यावर उपाय सोपा होता. दोन्ही याद्या एकत्र करायच्या आणि दुबार नावं काढून टाकायची, एका ओळीची आज्ञा. घोळ झाला तो कंसांमुळे. बऱ्याच नावांपुढे कंसात काहीतरी लिहिलेलं होतं. जुन्या यादीत कंसाआधी मोकळी जागा होती, नव्या यादीत नव्हती. त्यामुळे एकच गाव स्क्रिप्टला दोन गावं वाटायची. शिवाय स्ट्रिंगमध्ये काही शोधताना कंस ही एक खास खूण असते. नावातला कंस आला की स्क्रिप्टला वाटे, मी तिला काही हुकूम सोडते आहे. तो न कळल्यामुळे ती लाल होऊन बसायची.

योग्य रस्ता मला माहीत होता. प्रत्येक कंसापुढे एक तिरकी रेघ द्यायची, मोकळ्या जागा सारख्या करायच्या आणि मग दोन्ही याद्या ओळ न् ओळ ताडून बघायच्या. त्याला उद्याची दुपार झाली असती. सर मागे उभे होते. मी एक ओळ लिहिली, कंस आणि कंसातलं सगळं काढून टाक.

बिल्ड हिरवं झालं.

सरांनी चहा सांगितला. चहा पिता पिता त्यांनी यादी वरखाली केली आणि थांबले.

"अगं, सावरगाव एकच दिसायलंय. दोन होती ना?"

मी कपाळावर हात मारला. बुद्रुक आणि खुर्द! एका नावाची दोन शेजारची गावं, मोठं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. यादीत ते कंसात (बु.) आणि (खु.) असं असतं. मी कंस उडवले, दोन्ही सावरगावं सारखी झाली आणि पुढच्या आज्ञेने त्यातलं एक दुबार म्हणून काढून टाकलं. आम्ही दोघं हसलो. खुर्दचा सरपंच रात्रीच्या आत ऑफिसात येऊन बसला असता, असं सर म्हणाले. मी दोन ओळी वाढवल्या. आधी कंसातला बु. आणि खु. बाहेर काढून नावाला जोड, मग उरलेले कंस उडव.

"आता कंसात महत्त्वाचं काही राहिलं नाही ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले, "बाकीचं किरकोळ असतं."

हा शब्द माझा आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायची सोय नाही.

माझं आडनाव सोनकांबळे. देवणी तालुक्यातल्या एका गावात मी मावशीकडे वाढले. गावाचं खरं नाव नको, पिंपळगाव म्हणू. आमची वस्ती गावापासून नाल्याच्या पलीकडे. शाळेच्या दाखल्यावर, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर, नोकरीच्या पहिल्या कॉल लेटरवर माझा पत्ता एकच होता, पिंपळगाव (बौद्ध वस्ती). मी तो कंस स्वतःच्या हाताने शेकडो वेळा लिहिलेला आहे.

अकरा दिवसांनी मी मावशीला फोन केला. एप्रिल महिना, जयंती तोंडावर आली होती. जयंतीला मी कुठेही असले तरी वस्तीवर जातेच.

"जय भीम मावशी. परवा सकाळच्या गाडीने येते."

मावशी म्हणाली, "औंदा नको येऊ माय. तुला अंघोळीला पाणी कुठून देऊ?"

"का? टँकर येतो ना?"

"गावात येतोय. वस्तीवर न्हाई. अकरा दिस झाले, टाकी कोरडी हाय."

मला वाटलं टँकर बिघडला असेल. मी विचारलं, मग पाणी कुठून आणता? गावच्या विहिरीवरून, मावशी म्हणाली. टँकर त्या विहिरीत ओततो. गावाचं भरून झालं की मग वस्तीच्या बायांनी दोर टाकायचा. कुणी नको म्हणत नाही, पण तोवर तळाचा गाळ राहिलेला असतो. दोन घागरी मिळाल्या तर मिळाल्या. मावशीचे गुडघे कामातून गेलेले, नाला उतरून चढायला तिला अर्धा तास लागतो.

"आन् शेवरीला दिली बाजारात," ती म्हणाली.

शेवरी म्हणजे तिची देवणी गाय, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. मी बारावीत असताना ती कालवड म्हणून घरी आली होती. मावशीच्या हाताशिवाय ती कुणाला दूध काढू द्यायची नाही.

"कामून दिली गं?"

"मग काय करू? जनावर हंबरतंय पाण्यासाठी आन् मी घागर लपवून ठिवतेय. बघवंना मला. नवव्या दिशी दिली."

माझा आवाज चढला. "मावशी, अकरा दिवस! कुणी तक्रार केली नाही? मला तरी फोन करायचा!"

"कुणाला करायचा अन् काय म्हणायचं? मागल्या साली मिरवणुकीच्या रस्त्यावरून सरपंचासंगं बोलाचाली झाली व्हती. आमाला वाटलं, त्येचाच राग. न्हाईतर नवा जिल्हा व्हायलाय, त्यात आपलं नाव कापलं असंल. हे काय नवं हाय का सुजे?"

"नाव कापलं" हे शब्द ऐकले आणि मला माझी ती ओळ डोळ्यांपुढे दिसली.

फोन ठेवून मी स्क्रिप्ट उघडली. जे काढून टाकते आहेस ते आधी छापून दाखव, एवढी एक ओळ वाढवली आणि बिल्ड पुन्हा चालवलं. स्क्रीनवर नावं येत गेली. गावाचं नाव आणि पुढे कंसात बौद्ध वस्ती, पुन्हा गावाचं नाव, पुन्हा तेच दोन शब्द. अशा सतरा ओळी होत्या. दुसरी ओळ पिंपळगावची. तांड्यांना, वाड्यांना यादीत स्वतःची नावं होती म्हणून ती वाचली. आमच्या वस्त्यांना स्वतःचं नाव कुणी दिलेलंच नव्हतं. गावाचं नाव उसनं आणि पुढे कंस. कंस उडाला तशी वस्ती गावासारखी दिसू लागली, आणि दुबार म्हणून निघून गेली.

सतरा वस्त्या, अकरा दिवस. ऑफिसात तक्रारीचा एकही फोन नव्हता. खुर्दच्या सरपंचावरून आम्ही हसलो होतो ते मला आठवलं आणि स्वतःची किळस आली.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मग मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी लगेच बालाजीरावांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पण कंप्लेंट कुठं हाय?" बालाजीराव म्हणाले. "तुमच्याच रिपोर्टात रोज समदं हिरवं दिसतंय. शंभर टक्के."

खरंच होतं ते. जी ठिकाणं यादीत, त्या सगळ्यांना पाणी पोचत होतं. जी यादीत नाहीत, ती रिपोर्टात लाल तरी कशी दिसणार?

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "उद्या सकाळपासून सतरा ठिकाणी टँकर गेला पाहिजे."

"जाईल की मॅडम. यादीत घाला, जाईल. मला काय वावडं हाय त्या वस्तीचं?"

फोन ठेवल्यावर सर हळूच म्हणाले, "आता आणखी कुठे बोलू नको. बालाजीरावांना लेखी देताना डेटात गडबड होती, एवढंच लिहू."

"डेटा बरोबर होता सर," मी म्हणाले. तरी ईमेलमध्ये डेटाच गेला. मी तो वाचला आणि गप्प बसले. हेही माझ्याच खात्यात.

मावशी नको म्हणाली होती, तरी जयंतीला मी गेले. बसने दोन कॅन पाणी नेलं, जणू त्याने काही होणार होतं. वस्तीवर टँकर उभा होता आणि काळ्या टाकीत पाइप सोडलेला होता. ड्रायव्हर चाँदभाई पूर्वीपासून याच रस्त्याला होते. मी त्यांना विचारलं, तीन आठवडे तुम्हीच इथे पाणी टाकत होतात, मग अचानक बंद झालं तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?

"वाटलं ना," ते म्हणाले. "पण मोबाइलात नाव न्हाई. नाव न्हाई तिथं पाणी टाकलं तर जाब मलाच. मी समजलो, वरून कापलं असंल."

कुणालाच ते चुकून झालं असं वाटलं नव्हतं. ड्रायव्हरला नाही, गावाला नाही आणि ज्यांचं पाणी गेलं त्यांनाही नाही.

बाया घागरी लावून उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं, सरपंचाने काही केलं नाही, जिल्ह्याचाही संबंध नाही. कंप्युटरमध्ये यादी करताना मी कंस काढले, त्यात वस्ती निघून गेली. चूक माझी. एकीने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "कंपनीवाल्यांना वाचवायलीस व्हय गं बाई?" ती म्हणाली. कुणाचा विश्वास बसला नाही. मी रडायला लागले तेव्हा कुठे मावशीचा बसला.

घरी गोठ्यातली दावण तशीच होती. मावशी तिच्यापाशी बसली.

"मशीननं काढलं काय आन् माणसानं काढलं काय," ती म्हणाली, "निघालं आपलंच ना?"

मग उठून तिने माझ्यासाठी बादलीत पाणी काढलं, अंघोळीला. शेवरीची चौकशी मी पुढे दोन बाजारांत करवली. ती सीमेपलीकडे कर्नाटकात गेली, एवढंच कळलं.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. माझ्या टीममध्ये एक नियम आहे. स्क्रिप्ट जे काही गाळेल ते एका फाइलमध्ये छापायचं आणि कुणीतरी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. नवीन मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, वेळ जातो म्हणतात. मी वाद घालत नाही. त्या दिवशी सतरा ओळी वाचायला मला मिनिटभर लागलं होतं. अकरा दिवस आधीही तेवढंच लागलं असतं.