नानांची मोटर आणि आमचं ॲप

आमच्या धंद्यात एक बरं असतं. बग सापडला, दुरुस्त झाला, की त्याच्यापुढे 'क्लोज्ड' लिहून मोकळं होता येतं. किश्शांचं तसं नाही हो! ते साठत जातात आणि चार माणसं चहाला बसली की एकेक बाहेर पडतो. आमच्याकडे तर सगळे किस्से एकाच ॲपचे आणि एकाच मोटरचे. पोट धरून हसायच्या तयारीनं बसला असाल तर आधीच सांगते, तसे नाहीत ते.

आधी माणसं सांगते. लोधीपुऱ्यात एका किराणा दुकानाच्या वर आमचं ऑफिस, खालून दिवसभर मिरचीचा खकाणा येतो. भूषणदादा मालक. इरफान टेस्टर, म्हणजे आम्ही केलेलं मोडून दाखवायचा पगार घेणारा. आणि मी वैशाली, कोड लिहिणारी आणि भांडणारी.

दादा पुण्यात चांगल्या नोकरीला होता. इकडे बहादरपूरच्या वावरात त्याच्या वडिलांना, नानांना, स्टार्टरच्या पेटीचा शॉक बसला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. दादा सुट्टी काढून आला तो परत गेलाच नाही. काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, त्यानं शब्द दिला, "आता नाना पेटीला हात लावणार नाहीत. घरी बसून फोनवरून मोटर चालू होईल."

म्हणून हे अँड्रॉइड ॲप. पेटीत एक सिमकार्डवालं यंत्र बसवलं आणि नानांच्या फोनवर एक बटन. लाईट आली की फोनवर निरोप, बटन दाबलं की मोटर चालू. केळीला पाणी तर रोज पाहिजे, आणि लाईट येईल तेव्हाच द्यावं लागतं. तेव्हा आमच्या ऑफिसात बगचा अर्थ सरळ होता. ॲप चाललं तर नाना घरी, नाही चाललं तर नाना पेटीजवळ.

*

पहिल्याच आठवड्यात मोटर जळाली.

बटन एकच ठेवलं होतं. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मला ते फार सुंदर वाटलं होतं! पण वावरात नेटवर्क कसलं, हुकूम पोचायलाच वेळ लागायचा. नाना दाबायचे, स्क्रीन ढिम्म. म्हणून परत दाबायचे. मग जरा जोरात. मग सगळे हुकूम एकदम पोचायचे आणि तिकडे मोटर चालू-बंद-चालू-बंद!

"नाना, एकदाच दाबायचं असतं," मी म्हणाले.

"मले काय माहीत त्यानं ऐकलं का नाही? बैलाला हाक मारली तर कान तरी हालवतो."

खरंच होतं ते. दोन बटनं केली, चालूचं हिरवं, बंदचं लाल. दाबल्याबरोबर फोन थरथरायचा आणि 'निरोप चालला आहे' असं दिसायचं. जळालेली मोटर नवी तार भरून येईपर्यंत नाना रोज वावरात जाऊन शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी घेत होते. शेजाऱ्याच्या पेटीलाही हात लावतच असणार. काकूंनी तेव्हा दादाशी बोलणंच टाकलं होतं.

*

मग लाईट आल्याचा निरोपच येईना.

ऑफिसातल्या फोनवर टणाटण यायचा, नानांच्या फोनवर नाही. इरफाननं तपासलं आणि टेस्टर लोकांचं नेहमीचं वाक्य म्हणाला, "मेरे फोन पे तो चल रहा है, दादा."

दादा चिडला. "मग नानांना तुझाच फोन देऊन टाक!"

इरफान सरळ माणूस. त्यानं खरंच दिला. ॲप चाललं झकास, पण दिवसभर इरफानच्या अम्मीचे फोन नाना घेत होते. संध्याकाळी नाना त्याला म्हणाले, "तुझ्या मायला सांगितलं मी, पोरगा जेवला म्हणून. जेवून घे आता, नाहीतर मी खोटा पडेन."

नानांच्या फोनचं कारण नंतर कळलं. मोबाईलच्या दुकानात कोणीतरी भलं करायला म्हणून बॅटरी वाचवायची सेटिंग चालू करून दिली होती. फोन खिशात गेला की मागे चाललेली ॲप तो गुपचूप मारून टाकायचा, आमचं पहिलं. पोटाला चिमटा काढून बॅटरी वाचवणारे फोन! प्रत्येक कंपनीची ही सेटिंग वेगळ्या कोपऱ्यात लपलेली. मी गावातल्या एकेका फोनचे मेनू धुंडाळत हिंडले आणि शिव्या घातल्या.

तेवढे दिवस नाना निरोपाची वाट बघायचे, कंटाळायचे, चपला घालायचे आणि निघायचे. काकू दाराशी उभ्या राहून ओरडायच्या. नानांना ऐकू कमी येत नव्हतं, तरी ऐकू यायचं नाही.

*

तोपर्यंत बहादरपूरच्या आणखी शेतकऱ्यांनी ॲप घेतलं होतं. एका सकाळी सगळ्यांचे फोन. निरोप बंद!

झालं असं होतं की अँड्रॉइड नवं झालं, आणि आता निरोप दाखवायलाही परवानगी मागावी लागत होती. आम्ही अपडेट पाठवलं. उघडलं की प्रश्न यायचा, परवानगी द्यायची का? आणि गावच्या गावानं 'नको' दाबलं होतं.

मी डोकं धरलं. "अहो, का दाबलं नको?"

एक काका शांतपणे म्हणाले, "बँकेवाल्या बाईनं सांगितलं होतं, अनोळखी काही विचारलं तर नाहीच म्हणायचं. फ्रॉडवाले असेच विचारतात."

गाव पहिल्यांदा शहाणं झालं आणि नेमकं आमच्या ॲपवर. आता आम्ही आधी दादाचा फोटो दाखवतो, खाली लिहितो, 'मी नानांचा भूषण, आता जे विचारेल त्याला हो म्हणा', आणि मग प्रश्न विचारतो. पुण्यातले दादाचे मित्र हे बघून हसले. हसू देत, त्यांचे बाप काही पेटीजवळ जात नाहीत.

*

आता जरा वाईट किस्सा.

मोटर आपोआप चालू व्हायला लागली. कोणी दाबत नव्हतं, तरी. गावात कुजबुज सुरू झाली की वावरात काहीतरी आहे. काकूंनी लिंबू-मिरची बांधली, सर्व्हरला नाही बांधता आली म्हणून पेटीला.

नानांचा सालदार, सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी, गोकुळ तेव्हा पाईप जोडत वाकला होता. मोटर अचानक सुरू झाली, पाईप सुटून तोंडावर आला आणि त्याचे पुढचे दात गेले. रक्तानं भिजलेल्या शर्टानिशी गोकुळ आमच्या ऑफिसात आला आणि मी त्याला खुर्चीसुद्धा द्यायला विसरले.

इरफाननं नानांकडे दिवसभर मुक्काम ठोकला. दुपारी त्याचा फोन आला. "वैशाली, पकड लिया. नाना करवट लेते हैं और मोटर चालू होती है!"

अँड्रॉइडमध्ये फोन आडवा झाला की स्क्रीन मोडते आणि नव्यानं उभी राहते. नवी उभी राहताना आमचा कोड सकाळचा हुकूम परत पाठवत होता. नाना खाटेवर फोन हातात धरून पडायचे, कुशीवर वळायचे, फोन आडवा व्हायचा, आणि मैलभर लांब मोटर सुरू! दुरुस्ती एका ओळीची होती. ती लिहून मी तशीच गोकुळला बघायला गेले.

गोकुळ मात्र दवाखान्यात पट्टी बांधलेल्या तोंडानं म्हणाला, "दात जाऊ द्या ताई. नाना झोपले का जागे आहेत, तेवढं मला कळवत जा."

*

आणि एक शिळ्या हुकुमाचा.

नाना दाबायचे तेव्हा फोनला रेंज नसली, तर आमचं ॲप हुकूम जपून ठेवायचं आणि रेंज आली की पाठवायचं. दादाला या गोष्टीचा मोठा अभिमान होता. "काहीच वाया जात नाही!" म्हणायचा.

एकदा नाना कुणाच्या तरी लग्नाला जैनाबादला गेले. मांडवात बसून हिरवं बटन दाबलं, रेंज नव्हती, जेवणात विसरून गेले. परतताना तापीच्या पुलावर रेंज आली आणि हुकूम सुटला. इकडे काकू विहिरीच्या थाळ्यात, मोटरचं पाणी पडतं त्या हौदात, धुणं धुवायला उतरलेल्या! पाण्याचा लोंढा आला, काकू काठ धरून राहिल्या म्हणून बऱ्या. धुण्यातली साडी मात्र वाहून थेट केळीच्या पाटात.

त्या दिवशी माझं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, "माणूस तिथे आहे का नाही हे बटनाला दिसत नाही, दादा. बंद कर हे सगळं!"

"बंद केलं तर नाना पेटीला हात लावतील."

"आणि चालू ठेवलं तर?"

शेवटी ठरलं, हुकूम लगेच पोचला नाही तर मरून जाईल आणि फोन तसं सांगेल. नानांना हे आवडलं. म्हणाले, "आत्ता झालं माणसासारखं. नाही तर नाही म्हणतं."

*

यानंतर तक्रारी थांबल्या. खरंच थांबल्या. इरफान कंटाळून खालच्या दुकानात मिरच्या निवडायला जाऊन बसायचा. नाना घरी राहायला लागले, काकू दादाशी बोलायला लागल्या. काकूंनाही ॲप शिकवलं, कारण नाना फोन चार्जिंगला लावून गावात गप्पा मारायला जायचे. काकूंना शिकवायला वेळ लागला नाही. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद.

मग एके दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. नाना जेवायच्या आधीच वावरात निघून गेले, घड किती भरले ते बघायला. फोन घरी चार्जरला. काकू ओरडल्या, ते नेहमीसारखं त्यांना ऐकू आलं नाही.

पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं आणि मोटरकडे जाणारी एक वायर सैल झाली होती. नानांनी पेटी उघडली. मेनचा खटका गंजून अडकलेला, तो बंद व्हायचा नाही. पण लाईट आली तरी हुकूम येईपर्यंत त्या वायरीत करंट नसतो, हे नानांना आमच्याइतकंच माहीत होतं. आणि आमच्याकडे पद्धत आहे. पेटीत काम करणारा माणूस आपला गमछा पेटीच्या दारावर टांगतो. गमछा दिसला की कोणी त्या मोटरला हात लावत नाही, अगदी भांडणातला भाऊबंदसुद्धा नाही. बापजाद्यांपासून चालत आलंय ते.

गोकुळ पोचला तेव्हा मोटर चालू होती, पाटातून पाणी चाललं होतं. गमछा दारावर टांगलेला होता आणि नाना खाली पडलेले होते. दवाखान्यात न्यायची वेळ निघून गेली होती.

माती झाल्यावर दादा ऑफिसात आला. इरफाननं लॉग, म्हणजे ॲपची नोंदवही, उघडलं. लाईट आली, निरोप गेला. हुकूम निघाला, लगेच पोचला, मोटर चालू झाली. एकदाच. कुठेही चूक दाखवणारी लाल ओळ नाही. हुकूम कुठल्या फोनवरून निघाला, तेही लिहिलेलं होतं. ते वाचून इरफान उठून गॅलरीत गेला. दादानं लॅपटॉप बंद केला. मला रडू आवरेना.

"आईला यातलं काही कळता कामा नये," दादा म्हणाला. "कोणाच्याच तोंडून."

आम्ही काकूंच्या दारावर, भेटायला गेलो. बायका भोवती बसल्या होत्या. काकूंनी मला बघितलं, जवळ ओढलं, आणि मीच रडायला लागले म्हणून उलट माझ्याच पाठीवर हात फिरवत बसल्या.

"तुम्ही पोरं मनाला लावून घेऊ नका वं," काकू म्हणाल्या. "भूषण खात नाही, पीत नाही. त्याला वाटतं ॲपमध्येच काही खराबी झाली. काहीच खराबी नाही झाली, मी सांगते ना! लाईट आल्याचा फोन वाजला. म्हटलं, आता हे लाईट बघून पेटीला हात लावतील, त्याच्या आत आपणच चालू करून टाकू. पण त्यांना कुठे धीर! माझ्या आधीच हात घातला असेल. माझं तर एकदा दाबल्याबरोबर चालू झालं बघ."