निळी कपाशी

पारोळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. रंगांचा म्हणाल तर अख्ख्या तालुक्याचा मालक मीच. संगणकावर एकेका रंगाची वेगळी दांडी असते. हिरवी जरा सरकवली की भर वैशाखात मी शेतं पेरून देतो. एकदा एका नवरीचा पिवळा इतका वाढवला, की तिच्या हळदीचा वास समोरच्या चहावाल्याला आला. खोटं वाटलं तर विचारा त्याला. माझा मेहुणाच आहे, नाही म्हणायचा नाही.

एका दुपारी जवळच्या खेड्यातले नाना आणि अक्का आले. नवरा-बायको. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन दिवसांनी धुळ्याला ऑपरेशन. हातात लग्नाच्या वर्षीचा फोटो, पार उडालेला: कपाशीच्या शेतात उभ्या तरुण अक्का, अंगावर मोरपंखी लुगडं. नानांना धास्ती होती. डोळे गेलेच, तर त्याआधी तो रंग एकदा बघून घ्यायचा होता.

मी फोटो संगणकावर घेतला. नाना पडद्याला नाक लावून बसले.

"आखो पिवयं काढ, भाऊ. बठ्ठी धूयच दिखस."

सगळी धूळच दिसते म्हणाले, म्हणून आणखी पिवळं काढलं.

"मोर मान फिरावस ना, तव्हय दिखस तो रंग."

मी निळा वाढवला, हिरव्याला निळ्याकडे ढकललं. कपाशीची पानं निळी झाली, मग गर्द निळी, आणि मधली पांढरी बोंडं चांदण्यांसारखी लुकलुकायला लागली. दुकानात गारवा आला. पंखा आपोआप मंद झाला. आभाळात पाय रोवून अक्का उभ्या होत्या, आणि मी त्या निळाईत गळ्यापर्यंत बुडालो. पोहता येत नाही म्हणून खुर्ची घट्ट धरून ठेवली.

मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळं पिवळट दिसतं, हे मला ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, तर अक्कांनी मागून पाठीत बोट खुपसलं.

"हाईच!" नाना म्हणाले. "अगदी हाईच!"

पंधरवड्याने दोघं परत आले. नानांचे डोळे लख्ख. पडद्यावर फोटो बघताच ओरडले, "हाई कपाशी शे का आभाय? तू मनं वावर बुडाई टाकं!"

मी काही बोलायच्या आत अक्कांनी पिशवीतून एक घडी काढली. तेच लुगडं, पेटीत जपलेलं.

"अक्का, घरात होतं, तर त्या दिवशीच का नाही आणलं?"

"चाळीस वरीसमा मना लुगडावर यास्नी एक सबद काढा नही. त्या दिन इतलं बोली राह्यनात, मंग मी कसाले मधमा बोलू?"

नाना आपल्या चपलांकडे बघत बसले.

मी लुगडं पडद्याशेजारी धरलं आणि फक्त मोरपंखी दांडी हलवली, दोन्ही रंग एक होईपर्यंत. मग कपाशी ताळ्यावर आणायला हिरवीकडे वळलो, तर नानांनी मनगट धरलं.

"ती ऱ्हाऊ दे."

मग वळून अक्कांच्या अंगावरचं पातळ बराच वेळ न्याहाळलं. "हाऊ जांभूयना रंग शे ना?"

"कत्थई शे," अक्का म्हणाल्या, आणि नीट दिसावा म्हणून पदर जरा उजेडात धरला.