अर्ध्या आकृतीचं उत्तर

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, नागपूरच्या धरमपेठेतला एक पन्नाशीचा, पोट सुटलेला, गोष्टीवेल्हाळ मास्तर आज अत्यंत गंभीर निवेदन करणार आहे. कृपया हसू नये. हसलात तरी चालेल म्हणा, वर्गात मी हसवतोच. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो.

मी इलेक्ट्रिकलच्या पोरांना कॉन्फॉर्मल मॅपिंग शिकवतो. घाबरू नका. धातूच्या कोपऱ्यापाशी विजेचं क्षेत्र वेडंवाकडं पसरतं. मग गणिताने तो कोपराच उलगडून सरळ करायचा, सरळ आकारावर उत्तर काढायचं, आणि परत घडी घालायची. याचा इतिहास मी नाटकासारखा रंगवतो — कॉम्प्युटर नव्हते तेव्हाचे इंजिनीअर, हातात पेन्सिल आणि खोडरबर; जिथे सूत्र अडेल तिथे क्षेत्राच्या रेषा हाताने काढायचे, त्यांचे वाकडे चौकोन पाडायचे आणि चक्क ते मोजून उत्तर काढायचे! टाळ्या पडतात हो.

गणित मात्र एकच. माझ्या सरांच्या वहीतलं. दरवर्षी मी ते फळ्यावर उतरवतो, पोरं पाठ करतात, पेपरात तेच येतं. आमचं कॉलेज स्वायत्त — पेपर मीच काढायचा, मीच तपासायचा. चुकणार कोण?

पल्लवी. कन्हानहून बसने यायची. कॅम्पस इंटरव्ह्यूत तिला एका कंपनीत नोकरी लागलेली होती, अट एकच — एकही विषय राहता कामा नये. तिने वहीतलं उत्तर लिहिलं नाही. स्वतःचं लिहिलं, बरोब्बर दुप्पट. मी शून्य दिलं आणि तेवढ्यानेच ती नापास झाली.

तपासलेले पेपर दाखवण्याच्या दिवशी ती आलेखाचा कागद घेऊन टेबलाशी आली. त्यावर वाकडे चौकोन, पेन्सिलीने काढलेले. माझ्याच नाटकावरून शिकलेली!

"सर, पूर्ण आकृती काढली. तीनदा मोजून पाह्यलं. दुप्पटच येते."

मी काय म्हणालो? "वा! रांगोळी फार सुरेख आली आहे."

हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काहून वं पल्लवी, दिवाळी आली का?" मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने.

नोकरी गेली. पुढे ती पास झाली, पण कंपनी काही थांबली नव्हती. आता वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे म्हणतात. मी विचारायला गेलो नाही.

आणि पुढच्या वर्षी, तास सुरू व्हायच्या आधी, मी सरांच्या वहीत शेवटच्या ओळीला बारीक अक्षरात 'गुणिले दोन' लिहिलं. आकृती दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून त्यांनी अर्धीच सोडवली होती — शेवटी दुप्पट करायचं विसरले होते. मी तसंच शिकवायला लागलो. कुणी काही विचारलं नाही.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला उशिरा कळलं. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण नाही.

रांगोळी म्हणण्याआधी मी तो कागद हातात घेतला होता. पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजत गेलो — मनातल्या मनात, एकेक. मधल्या रेषेपाशी वहीतलं उत्तर पुरं झालं. आणि पलीकडे तेवढाच कागद उरला होता. पेन्सिल थांबली. गुण खोडून नवे लिहायला किती वेळ लागला असता? समोर साठ पोरं बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग ते वाक्य टाकलं.

ती हसणाऱ्यांकडे वळलीच नाही. माझ्या बोटांकडे बघत होती. आजही फळ्यावर ती आकृती काढताना मधल्या रेषेपाशी माझा खडू अडतो, आणि मी काहीतरी विनोद करतो. त्या दिवशी मात्र विनोद संपला होता, हसू ओसरत होतं, आणि भर वर्गात तिच्या तोंडून निघून गेलं —

"सर, मोजता मोजता थांबले तुम्ही. तुम्हाले कळलं ना!"