वैनीचे न दिसणारे गडी

ओल्या गुळाचा वास आला, की मला आजही कुंडलच्या आमच्या घरातला सोपा दिसतो... चवाळ्यावर पसरलेलं, भुकटीने काळंभोर झालेलं सोयाबीनचं बियाणं, मनगटापर्यंत काळे झालेले आईचे हात, आणि वासाने धावून आलेल्या मुंग्यांना फडक्याने हाकलताना हळूच बोट चाटणारी मी.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे सोयाबीनचं अप्रूप होतं. वडील सैन्यात; सगळा ऊस धाकटे काका बघायचे. विहिरीलगतचा लहानसा तुकडा मात्र आईने हट्टाने मागून घेतला होता. "फसलं तर तितंबी ऊसच लावनार, वैनी," काकांनी बजावलं होतं. शेतीखात्याच्या साहेबांनी दिलेली जिवाणूंची भुकटी तिने गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळली, सावलीतच वाळवली. हे जिवाणू मुळांशी बिऱ्हाड करतात, हवेतला नत्र धरून रोपाला भरवतात, असं साहेब म्हणाले होते. काकांना हसू आवरेना. "वैनीचं न दिसनारं गडी!" असं ते गावभर सांगत सुटले.

श्रावणातल्या कोवळ्या उन्हात ते रान युरियाविनाच हिरवंगार डुलू लागलं. एका सकाळी काकांनी सहज एक रोप उपटलं — मुळांवर गाठीच गाठी!

"रोग हाय ह्यो, वैनी. समदं उपटून टाका."

आईचा चेहरा उतरला. मला तर रडूच कोसळलं. तेवढा एकच तुकडा तिचा स्वतःचा होता. ती खाली बसली, एक गाठ नखाने फोडली. आत ओली, गुलाबी लाली...

"आवं भावजी, बगा तरी! आत लाल निगालं की जिवानू कामाला लागल्यात, आसं साह्येब म्हनलं व्हतं."

काकांनी उकिडवं बसून आणखी दोन गाठी फोडल्या. "व्हय की," एवढंच पुटपुटले. रान वाचलं, आणि ते कायमचं आईकडेच राहिलं.

आई आता नाही. मागच्या पावसाळ्यात गावी गेले, तर त्या तुकड्यात सोयाबीनच उभं होतं. थकलेले काका काठी टेकत बांधावर बसले, एक रोप उपटलं, गाठ फोडली आणि लाल झालेलं नख माझ्यापुढे धरलं.

"वैनीचं गडी आजून कामावर हायती, बग."